योसिप्पोन : एका ग्रंथाची आणि एका नावाची कथा

यरुशलेमचे मंदिर रोमन सैन्याने इ. स. ७० मध्ये जाळले. ते कसे घडले, वेढ्याच्या वेळी शहरात पक्ष किती होते, ते आपापसांत कसे लढत होते, धान्याची कोठारे कोणी पेटविली, भुकेने काय काय करविले, हे सारे आज तपशीलवार सांगता येते. आणि ते ज्याच्या भरवशावर सांगता येते तो माणूस जवळजवळ एकटाच : योसेफस. पण मौज अशी, की ज्या लोकांचे ते मंदिर होते त्या यहुदी लोकांतच पुढे सुमारे आठशे वर्षे या योसेफसला कोणी वाचीत नव्हते. त्याचे ग्रंथ ग्रीक भाषेत होते. ते जपले ख्रिस्ती धर्मगुरूंनी. यहुद्यांच्या घरी त्याचे नावही उरले नव्हते. नंतर एके दिवशी दक्षिण इटलीतील एका अनामिक गृहस्थाने तो इतिहास हिब्रू भाषेत परत आणला. त्या ग्रंथाला 'योसिप्पोन' म्हणतात. आज त्याच्याचविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

त्या आधी मूळ योसेफसची ओळख करून घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा घोळ त्याच्या नावावरून झाला आहे. योसेफस हा मत्तिथ्याचा मुलगा, पुरोहित घराण्यातला, जन्म इ. स. ३७. रोमविरुद्ध इ. स. ६६ मध्ये उठाव झाला तेव्हा गालील प्रांतातील एक सेनानायक म्हणून त्याची नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी योतापाता नावाचा किल्ला पडला आणि तो चाळीस माणसांसह एका गुहेत लपला. रोमनांच्या हाती सापडण्यापेक्षा मरावे असे सोबत्यांनी ठरविले. एकाने दुसऱ्याला मारावयाचे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचा. शेवटी उरले दोघे : योसेफस आणि आणखी एक. तेव्हा त्याने त्या दुसऱ्याला समजाविले आणि दोघेही रोमनांना शरण गेले. सेनापती वेस्पासियन याच्यापुढे उभे राहून त्याने भविष्य सांगितले, की तुम्ही सम्राट होणार. इ. स. ६९ मध्ये वेस्पासियन खरोखरच सम्राट झाला आणि योसेफसच्या बेड्या तुटल्या. यरुशलेमच्या वेढ्यात तो रोमन छावणीत होता. तटाखाली उभा राहून स्वतःच्याच लोकांना शरण येण्याची विनवणी करीत होता. पुढे रोममध्ये राहून, सम्राटाच्या घराण्याचे 'फ्लावियस' हे नाव लावून, त्याने 'यहुदी युद्ध' आणि 'यहुद्यांचा पुरातन इतिहास' हे दोन मोठे ग्रंथ लिहिले. दुसरा इ. स. ९३-९४ च्या सुमारास पुरा झाला.

असा हा माणूस. त्याला देशद्रोही म्हणावे की शहाणा म्हणावे, हा वाद दोन हजार वर्षे मिटलेला नाही आणि तो आम्हीही मिटवू शकत नाही. एवढे खरे, की आपल्या लोकांनी त्याला विसरावे याला कारण होते. शिवाय मंदिर गेल्यावर यहुदी विद्वानांचे सारे लक्ष धर्मशास्त्राकडे वळले. राज्य गेले, मंदिर गेले, राहिला तो आचार. तोच धरून ठेवावयाचा होता. तालमुदात मंदिराच्या नाशाविषयी कथा आहेत, पण त्या दृष्टान्ताच्या वळणाच्या. एका मेजवानीचे निमंत्रण कामसाऐवजी बार कामसाच्या घरी गेले, यजमानाने त्याला भर पंक्तीतून घालवून दिले, त्याने सूड घेतला, आणि त्यातून शहर बुडाले. टायटसच्या नाकातून चिलट शिरले आणि त्याने त्याचा मेंदू पोखरला. या कथा मनावर ठसतात. पण लढाई कोणत्या वर्षी, कोणत्या तटाशी झाली, असे विचारणाऱ्याला त्यांत उत्तर नाही. मक्काबी वीरांचीही तीच गत. सीरियाचा राजा अंतियोकस याच्याविरुद्ध इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ते लढले, मंदिर त्यांनी परत मिळवून शुद्ध केले; पण त्यांच्या पराक्रमाचे ग्रंथ हिब्रू पवित्र शास्त्रात घेतले गेले नाहीत. ते ग्रीक व लॅटिन बायबलात राहिले. हनुक्काच्या सणाला दिवे लावले जात होते, दिव्यांतल्या तेलाच्या चमत्काराची गोष्ट सांगितली जात होती, आणि लढाई मात्र परक्यांच्या पोथ्यांत पडून होती.

आता इटलीकडे वळू. दहाव्या शतकात दक्षिण इटलीचा मोठा भाग बायझँटिन सम्राटाच्या अमलाखाली होता. बारी, ओत्रांतो, ओरिया या गावांतून यहुद्यांच्या जुन्या वसाहती होत्या. व्हेनोसा येथील थडग्यांच्या शिळांवरून असे दिसते, की नवव्या शतकापर्यंत तेथील यहुदी आपल्या मृतांसाठी हिब्रूत लेख कोरू लागले होते. म्हणजे हिब्रू तेथे नुसती प्रार्थनेची भाषा उरली नव्हती. तिच्यात पुन्हा लिहिणे सुरू झाले होते. भोवतीचे ख्रिस्ती शेजारी लॅटिन लिहीत, आणि त्यांच्या मठांत योसेफसची लॅटिन भाषांतरे होती. आमच्या गृहस्थाला लॅटिन चांगले येत होते. त्याच्यापुढे मुख्यतः तीन साधने होती : योसेफसच्या 'पुरातन इतिहासा'चे लॅटिन भाषांतर, 'हेगेसिप्पस' या नावाने प्रसिद्ध असलेला, 'यहुदी युद्धा'वरून चौथ्या शतकात एका ख्रिस्ती लेखकाने रचलेला लॅटिन ग्रंथ, आणि लॅटिन बायबलातील मक्काबींची पुस्तके. या तिन्हींतून निवडून, जुळवून, काही टाकून, काही भर घालून त्याने हिब्रूत एक सलग कथानक उभे केले.

यातली 'हेगेसिप्पस'ची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या ख्रिस्ती लेखकाने योसेफसचा इतिहास घेतला तो एक विशिष्ट गोष्ट सिद्ध करण्यासाठी : यहुद्यांनी ख्रिस्ताला नाकारले म्हणून देवाने त्यांचे शहर बुडविले. त्याच पानांवरून आमचा अनामिक लेखक वाचतो आणि लिहितो. पण तो निष्कर्ष मात्र उचलीत नाही. शहर आमच्या पापांनी गेले, आपसातल्या वैराने गेले, असे तोही म्हणतो, परंतु ती पापे त्याच्या लेखी घरातली आहेत आणि त्यांचा न्यायही घरातलाच देव करणार आहे. विरोधकाच्या हातातून आपला इतिहास परत घ्यावयाचा आणि वाद न घालता, न ओरडता, त्यातले विष तेवढे काढून टाकावयाचे, हे काम दिसते तितके सोपे नाही. आमच्या मते या ग्रंथकाराची खरी थोरवी येथे आहे. त्याची हिब्रूही बायबलच्या जुन्या इतिहासग्रंथांच्या वळणाची आहे. वाचणाऱ्याला वाटावे, शमुवेलाची किंवा राजांची पुस्तके जेथे थांबली तेथून हा पुढे सांगत आहे.

ग्रंथाचा आरंभ आदमाच्या वंशावळीपासून होतो आणि लगेच नोहाच्या मुलांपाशी येतो. याफेथच्या वंशजांना लेखक आपल्या काळच्या राष्ट्रांशी जुळवितो : हे फ्रँक, हे बल्गार, हे उंगार म्हणजे हंगेरियन, आणि ते डॅन्यूब नदीच्या काठी राहतात. या साध्या वाक्यांनी पुढे मोठे काम केले; त्याकडे आम्ही नंतर येऊ.

मग येते झेफोची कथा, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. याकोबाचा भाऊ एसाव. त्याचा नातू झेफो. याकोबाचे शव हेब्रोनला पुरावयास नेले तेव्हा एसावाच्या मंडळींशी झटापट झाली. तीत झेफो पकडला गेला आणि इजिप्तच्या तुरुंगात पडला. योसेफाच्या मृत्यूनंतर तो निसटला आणि आफ्रिकेच्या राजाकडे, अग्नियसाकडे, चाकरीस राहिला. तेथून तो गेला कित्तीमांच्या देशात, म्हणजे इटलीत. एकदा त्याचा गोऱ्हा हरवला. शोधता शोधता तो एका गुहेपाशी आला. आत अर्धा माणूस, अर्धा पशू असा एक राक्षस गोऱ्हा खात बसला होता. झेफोने त्याला ठार केले. त्या राक्षसाने आजवर साऱ्या मुलखाची गुरे खाल्ली होती. लोक इतके आनंदले, की त्यांनी झेफोला राजा केले आणि त्याला यानुस म्हटले. आता रोमन लोकांचा यानुस नावाचा देव सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी महिना त्याच्याच नावाचा. म्हणजे या कथेप्रमाणे रोमनांचा पहिला राजा निघाला एसावाचा पणतू शोभावा असा नातवंडांतला एक पळपुटा कैदी!

हे ऐकून हसू येईल, पण यात एक गंभीर प्रश्न सोडविलेला आहे. यहुदी परंपरेत रोमला फार पूर्वीपासून 'एदोम' म्हणत, आणि एदोम म्हणजे एसावाचा वंश. भाऊच भावाचा वैरी झाला, ही त्या नावामागची कळ. परंतु मृत समुद्राजवळचा एदोम कोठे आणि टायबर नदीकाठचे रोम कोठे? यांचा सांधा कसा बसावयाचा? इटलीत राहणाऱ्या यहुद्याला तर हा प्रश्न रोज डोळ्यांपुढे दिसणारा. त्याने तो झेफोला गलबतात घालून सोडविला. आपल्याकडेही मोठ्या घराण्यांच्या वंशावळी सूर्यापर्यंत किंवा चंद्रापर्यंत नेऊन भिडविणारे भाट होऊन गेले. तेव्हा या इटालियन ग्रंथकाराला फार टाकून बोलण्याचे कारण नाही.

पुढचा भाग मी म्हणतो त्याहून पुष्कळ मोठा आहे, पण तो भराभर ओलांडू : दानिएल, बाबेलचा पाडाव, जरुब्बाबेल, एस्तेर राणी, अलेक्झांडरची यरुशलेमला भेट, पवित्र शास्त्राचे ग्रीक भाषांतर. अलेक्झांडरच्या अद्भुत कथांचा एक मोठा तुकडा नंतर कोणी तरी मध्येच जोडून दिला आहे. यानंतर मक्काबींची युद्धे, हेरोद राजाचे क्रूर आणि दुःखी घर, आणि अखेरीस यरुशलेमचा वेढा. मक्काबींपासून पुढे ग्रंथाला खरा रंग चढतो.

येथे एक आई भेटते. अंतियोकस राजाने तिच्या सात मुलांना डुकराचे मांस खाण्याची सक्ती केली. एकामागून एक सहा मुले छळ सोसून मेली. सातव्याला राजाने लालूच दाखविली आणि आईला सांगितले, की याची समजूत घाल. आईने वाकून मुलाच्या कानात उलटेच सांगितले : भिऊ नकोस. तोही गेला, आणि मग आईही. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात ही कथा आहे, पण तेथे आईला नाव नाही. तालमुदातही नाही. 'योसिप्पोन'च्या मूळ आटोपशीर पाठातही नाही. विस्तृत पाठात मात्र तिला नाव मिळाले : हन्ना. कोणी दिले, ते सांगता येत नाही. का दिले, ते मात्र ओळखता येते. शमुवेलाची आई हन्ना हिच्या स्तोत्रात वांझ बाईला सात मुले झाल्याचा उल्लेख आहे. सात मुलांची आई म्हटल्यावर हे नाव कोणाच्या तरी मनात आले आणि कायमचे चिकटले. आज जगभर यहुदी घरांत हनुक्काच्या दिवसांत 'हन्ना आणि तिची सात मुले' अशीच ही कथा सांगितली जाते. एका नकलकाराच्या लेखणीने एका अनामिक बाईला नाव दिले, आणि ते टिकले!

दुसरे स्थळ मसादाचे. मृत समुद्राकाठच्या त्या उंच पठारी किल्ल्यावर इ. स. ७३ च्या सुमारास उठावातील शेवटची तुकडी कोंडली गेली होती. योसेफस सांगतो, की रोमन सैन्याने तट फोडला तेव्हा एलाझार या पुढाऱ्याने भाषण केले आणि सर्वांनी बायकामुलांना मारून, मग चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारले. ९६० माणसे मेली, लपून बसलेल्या दोन स्त्रिया आणि पाच मुले तेवढी वाचली. चिठ्ठ्या टाकून मरण्याची ही कथा लिहिताना योसेफसला योतापाताची ती गुहा आठवली नसेल काय? 'योसिप्पोन'चा कर्ता मात्र शेवट बदलतो. त्याच्याही कथेत एलाझार बोलतो, बायकामुलांना गुलामगिरीत जाऊ द्यावयाचे नाही म्हणून त्यांना मारले जाते. परंतु पुरुष स्वतःला मारीत नाहीत. ते किल्ल्याखाली उतरतात आणि शेवटचा माणूस पडेपर्यंत रोमनांशी लढतात.

त्याने हे का केले असावे? धर्मशास्त्रात आत्महत्या निषिद्ध, म्हणून? की लढून मरणे त्याला अधिक शोभणारे वाटले? कारण त्याने सांगितलेले नाही. परिणाम मात्र दूरवर पोहोचला. हिब्रू वाचणाऱ्यांना पुढे शतकानुशतके मसादा ठाऊक होता तो बहुधा या रूपात. योसेफसच्या 'यहुदी युद्धा'चे सिमहोनी यांनी केलेले आधुनिक हिब्रू भाषांतर १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे मूळ कथा नव्या पिढीच्या हाती पडली. १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादिन यांनी मसादावर उत्खनन केले आणि किल्ल्याचे नाव जगभर झाले. त्या वेळी जो वीरांचा किल्ला लोकांच्या मनात उभा राहिला त्यात योसेफसच्या जोडीला आमच्या इटालियन ग्रंथकाराचाही वाटा थोडाफार होताच.

पण मधल्या काळात एक गोष्ट घडली, आणि ती सांगताना हात जड होतो. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडचे जथे ऱ्हाईन नदीच्या काठाने निघाले आणि स्पायर, वर्म्स, माइन्झ येथील यहुदी वस्त्यांवर तुटून पडले. बाप्तिस्मा घ्या किंवा मरा, असा प्रश्न होता. माइन्झमध्ये पुष्कळांनी दाराशी शत्रू येण्याआधी स्वतःच्या मुलांना मारले आणि मग स्वतःचा अंत केला. त्या घटनांची जी हिब्रू वृत्ते पुढच्या पिढीने लिहिली, त्यांत अभ्यासकांना 'योसिप्पोन'ची छाया दिसते : आई आणि मुले, मरणापूर्वीचे भाषण, मरणापलीकडचा मोठा प्रकाश. ऱ्हाईनकाठच्या त्या पंडितांच्या हाती हा ग्रंथ होता. तेव्हा इतिहासाचे पुस्तक म्हणजे नुसती गतकाळाची नोंद असे समजणाऱ्यांनी थोडे थांबावे. मृत्यू दाराशी आला असता माणूस आपल्या आठवणीत साठविलेल्या माणसांकडे पाहतो. आणि त्यांना मसादा कसा सांगितला गेला होता, हन्ना कशी सांगितली गेली होती, याला त्या क्षणी अर्थ होता. ग्रंथाने त्यांना मरावयास लावले असे कोणी म्हणू नये. मारणारे बाहेर उभे होते. पण कसे मरावे याचे चित्र त्यांच्या मनात जेथून आले त्या जागांपैकी ही एक जागा.

एवढ्या अधिकाराचा ग्रंथ एका भाषेत राहणे शक्यच नव्हते. अकराव्या शतकात त्याचे अरबी भाषांतर फिरत होते. स्पेनमधील मुसलमान पंडित इब्न हज्म याला ते ठाऊक होते. चौदाव्या शतकातील थोर इतिहासकार इब्न खल्दून याने यहुद्यांचा मंदिरकालीन इतिहास लिहिताना याच अरबी भाषांतराचा आधार घेतला. अरबीवरून ते इथिओपियाच्या गीझ भाषेत गेले, आणि तेथील ख्रिस्ती चर्चच्या व्यापक शास्त्रसंग्रहात त्याला जागा मिळाली. म्हणजे एका यहुद्याने ख्रिस्ती पोथ्यांवरून जुळविलेला इतिहास मुसलमानांच्या भाषेतून प्रवास करून पुन्हा एका ख्रिस्ती राष्ट्राच्या पवित्र ग्रंथांत जाऊन बसला! युरोपात छपाई आली तेव्हा तो प्रथम इटलीत मान्तुआ येथे १४८० च्या आगेमागे छापला गेला. झुरिक येथे १५४६ मध्ये यिद्दिश भाषांतर निघाले. ते बायाबापड्यांसाठी, हिब्रू न येणाऱ्यांसाठी. १५५८ मध्ये पीटर मॉर्विन याने केलेले इंग्रजी भाषांतर निघाले आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या. शब्बाथच्या दिवशी युद्धकथांची लौकिक पुस्तके वाचू नयेत, असा यहुदी धर्मशास्त्राचा दंडक; पण टीकाकारांनी 'योसिप्पोन'ला त्यातून सूट दिली, कारण त्यातून बोध होतो आणि देवाचे भय उपजते.

आता त्या नावाच्या घोळाकडे. ग्रंथावर नाव होते योसेफ बेन गोरियोन, म्हणजे गोरियोनाचा मुलगा योसेफ. पण योसेफस हा तर मत्तिथ्याचा मुलगा. मग हा गोरियोन कोण? इ. स. ६६ मध्ये यरुशलेम शहराचा कारभार ज्या दोघांकडे सोपविला गेला त्यांतला एक योसेफ बेन गोरियोन होता; तो वेगळा मनुष्य. लॅटिन साधनांतील सेनानायकांची यादी वाचताना आमच्या लेखकाने दोन योसेफांचा एक योसेफ केला. चूक साधी, आणि प्रामाणिक.

प्रामाणिक असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण मूळ ग्रंथात लेखक 'मी योसेफ' असे म्हणतच नाही. तो योसेफ बेन गोरियोनाचा हवाला देतो. त्याच्या पुस्तकावरून आपण लिहीत आहोत असे सांगतो. एका हस्तलिखितात तर अशी नोंदच आहे, की मंदिराच्या नाशानंतर ८८५ व्या वर्षी आपण हे त्या पुस्तकावरून उतरविले. यहुदी कालगणनेत मंदिराचा नाश इ. स. ६८ चा धरीत. त्यात ८८५ मिळविले म्हणजे इ. स. ९५३ येते. ही तारीख रचनेची की नकलेची याविषयी आज अभ्यासकांत मतभेद आहेत. ग्रंथ याहून काही दशके जुना असू शकेल. कसेही असो, ज्याने तारीख लिहिली त्याला काही लपवावयाचे नव्हते.

लपवाछपवी झाली ती पुढे, आणि तीही बहुधा भक्तीपोटी. बाराव्या शतकापर्यंत जो वाढविलेला पाठ तयार झाला त्यात निवेदन प्रथमपुरुषी झाले. जे 'योसेफ म्हणतो' होते ते 'मी योसेफ म्हणतो' झाले. चौदाव्या शतकात यहूदा मोस्कोनी या विद्वानाने अनेक हस्तलिखिते जमवून हा विस्तृत पाठ सिद्ध केला, आणि तो १५१० मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे छापला गेला. एक समजूत त्याला पोषक होती. योसेफसने स्वतःच सांगून ठेवले आहे, की 'यहुदी युद्ध' आपण प्रथम आपल्या मातृभाषेत लिहिले आणि मग ग्रीकमध्ये केले. तो पहिला ग्रंथ हरवला आहे. लोकांना वाटले, की हाच तो! ग्रीक ग्रंथ रोमनांसाठी, आणि हा हिब्रू ग्रंथ स्वतःच्या लोकांसाठी, अधिक मनमोकळा, अधिक खरा. ख्रिस्ती विद्वानांतही या समजुतीने घर केले.

ती मोडली कशी? ज्या वाक्यांकडे नंतर येऊ म्हटले होते त्यांचा येथे उपयोग झाला. हंगेरियन लोक डॅन्यूबच्या काठी आले ते नवव्या शतकाच्या अगदी अखेरीस. पहिल्या शतकातल्या पुरोहिताला त्यांचे नाव कळावे कसे? फ्रँकांचे राज्य त्याने पाहावे कसे? सोळाव्या शतकात इटलीतील यहुदी पंडित अझारिया दे रोस्सी याने योसेफस आणि 'योसिप्पोन' शेजारी ठेवून वाचले आणि त्याला विसंगती दिसू लागल्या. पुढे स्कॅलिजर या महापंडिताने या ग्रंथाला पुरातन मानण्यास साफ नकार दिला. एकदा सूर लागला म्हणजे सारेच तसे बोलू लागतात; 'योसिप्पोन' म्हणजे बनावट, असा शिक्का त्याच्यावर बसला, आणि विद्वानांनी तो फळीवर टाकून दिला.

हा निकाल आम्हाला अर्धाच मान्य आहे. पहिल्या शतकाचा साक्षीदार म्हणून 'योसिप्पोन'ची किंमत शून्य, हे खरे. यरुशलेमच्या तटाविषयी त्याला काही विचारू नये. तेथे योसेफसकडेच जावे, आणि त्याच्याकडेही सावधपणे जावे. पण दहाव्या शतकाचा साक्षीदार म्हणून त्याच्याइतका बोलका ग्रंथ क्वचितच सापडेल. आपल्याकडे राजवाडे यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढला तेव्हा बखरींची अशीच झडती घेतली होती. तारखा चुकल्या, माणसे इकडची तिकडे झाली, हे त्यांनी पत्रांशी ताडून दाखविले, आणि ते आवश्यकच होते. तथापि पानिपतावर मराठी मन काय म्हणत होते ते बखरींतूनच कळते. 'योसिप्पोन'चीही बाब तीच. खोटी ठरली ती सही. आणि ती सही मूळ लेखकाने केलेलीच नव्हती.

हे नीट दाखविण्याचे श्रेय यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राध्यापक डेव्हिड फ्लुसर यांचे. त्यांनी जुनी हस्तलिखिते ताडून, नंतरची भर बाजूला सारून मूळ पाठ सिद्ध केला. त्यांची चिकित्सक आवृत्ती १९७८ आणि १९८० मध्ये दोन खंडांत निघाली. तोपर्यंत सामान्य वाचकाच्या हाती होता तो बव्हंशी मोस्कोनीचा फुगलेला पाठ. २०२२ मध्ये स्टीव्हन बोमन यांनी मूळ पाठाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. कर्त्याचे खरे नाव मात्र कोणालाच सापडलेले नाही. त्याने हन्नाच्या कथेतल्या आईला नाव दिले नाही, आणि स्वतःचेही सांगितले नाही.

जाता जाता एक गोष्ट आपल्या दाराशी आणून सोडतो. 'योसिप्पोन'मध्ये ज्या अंतियोकसाचा जुलूम वर्णिला आहे, त्याच्याच काळात आपले पूर्वज देश सोडून निघाले आणि अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांचे गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. परंपरा म्हणजे पुरावा नव्हे. परंतु तिच्या बाजूने एक लक्षणीय मुद्दा मांडला जातो. कोकणातल्या या मंडळींना पूर्वी हनुक्काचा सण ठाऊक नव्हता. मक्काबींनी मंदिर शुद्ध केले त्याआधीच ते निघाले असतील तर हे साहजिकच आहे. त्यांच्याजवळ 'योसिप्पोन' नव्हता, कोणतेच ग्रंथ नव्हते. होता तो शनिवारचा विसावा. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ मध्ये समुएल दिवेकर यांनी बांधले. समाजाचा पहिला मोठा इतिहास हाईम शमुएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, आणि तोही तेल अवीव येथे. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपवास पुढे त्यांच्यात रूढ झाला, तेव्हा त्यांनी त्याला हिब्रू नाव ठेवले नाही. त्या प्रसंगी घरोघर वालाचे बिरडे होई, म्हणून त्याला ते म्हणू लागले 'बिरड्याचा रोजा'.